साहेब, कोकणचे जमीनमालक मुंबईत राहतात

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई 400032

सप्रेम नमस्कार.

सिंधुदुर्गात उद्योग यावेत म्हणून मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत परिषदा भरतात. पडद्यावर किल्ला, तारकर्लीचं निळं पाणी, हापूसची पेटी आणि शेवटी सामंजस्य करारावर सह्या. अशा एका परिषदेला मागच्या रांगेत मीही होतो. जेवण उत्तम होतं. कोकणचा कॅलिफोर्निया होणार हे मी लहानपणापासून ऐकतोय, त्यामुळे तेवढ्याने काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की बोलावलेल्या पाहुण्यांत कोकणात जमीन असलेलं कोणी दिसत नव्हतं.

जिल्हा 1981 साली झाला. 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, 2021 मध्ये चिपीला विमानतळ झालं. महामार्गाबद्दल मी लिहीत नाही. चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे आणि त्यावर लिहायचं काही शिल्लक राहिलेलं नाही. पण एवढं सगळं येऊनही वेंगुर्ले तालुक्यात घरच्या जमिनीवर काजूचं छोटं युनिट टाकायचं म्हटलं, की माणूस अडतो तो सातबाऱ्यावर.

आमचाच सातबारा घ्या. पणजोबांच्या नावाला कंस, म्हणजे ते नाव आता कमी झालेलं, खाली आजोबा आणि त्यांचे भाऊ, त्यांनाही कंस, मग काका, आत्या, चुलते, चुलत्यांची मुलं. नावांनी दुसरं पान भरलंय आणि क्षेत्र सगळं मिळून साठ गुंठे. बँकेचा मॅनेजर भला माणूस. म्हणाला, एकतर सगळ्यांच्या सह्या आणा, नाहीतर तुमचा हिस्सा वेगळा करून आणा, कर्ज मी करतो. सह्या करणारे कुठे आहेत? एक कल्याणला, दोघे नालासोपाऱ्याला, एक कांजूरला, एका आत्याची मुलं बडोद्याला. भांडण कोणाचंच नाही. पण कुडाळला उतरून तालुक्याच्या गावी जायचं, तिथे साहेब दौऱ्यावर निघायचे आणि परत यायचं, यासाठी रजा कोण टाकणार?

कायदा आहे, साहेब. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली सहहिस्सेदारांची संमती असेल तर तहसीलदाराकडे वाटप होतं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी सरकारने 2025 मध्ये माफ केली. त्याच वर्षी ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली आणि मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं चढू लागली. दोन्ही निर्णय चांगले. फक्त वारसनोंदीने नावं वाढतात, जमीन वाटली जात नाही. मोहिमेनंतर आमच्या उताऱ्यावरही गर्दी वाढलीच.

हे महसूलमंत्र्यांना का लिहीत नाही, असं आपण विचाराल. कारण महसूल खात्याच्या हिशेबी ही फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदी बदलण्याची प्रकरणं आहेत. ती उद्योगाची प्रकरणं आहेत हे उद्योग खात्यानेच सांगायला हवं.

आता कोणी म्हणेल, एमआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत प्लॉट घ्या. कुडाळला एमआयडीसी आहे, ज्यांना परवडतं ते घेतातही. पण काजूचा कारखाना चालतो कसा ते जरा जवळून पाहा. बी वाफवायची, सुकवायची, मग एकेक बी कटरवर फोडायची, गर ड्रायरला लावायचा, साल काढायची, आणि आकाराप्रमाणे डब्ल्यू 240, डब्ल्यू 320 अशा प्रतींचा अख्खा गर, पाकळी, तुकडा असं निवडायचं. फोडणं आणि निवडणं हे बहुतेक बायकांचं काम. टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी जाते, म्हणून हाताला तेल चोळून बसतात. सकाळची भाकरी उरकून येणार, दुपारी पोरं शाळेतून आली की घरी डोकावून परत येणार. कारखाना वाडीत असेल तर हे जमतं. वीस किलोमीटरवर असेल तर गाडीभाडं वजा जाता हाती काय राहणार? मग ती बाई येत नाही आणि कारखानदार म्हणतो, कोकणात माणसं मिळत नाहीत.

बोंडूचं, म्हणजे काजूच्या फळाचं, तर विचारूच नका. मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली रास पडते. उचलला तर उचलला, दुसऱ्या दिवशी आंबलेला असतो. सीमेपलीकडे गोव्यात त्याचीच फेणी होते आणि तिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या वेंगुर्ला काजूलाही मानांकन आहे, पण आमचा बराचसा बोंडू बागेतच कुजतो. त्याचं सरबत करा, सिरप करा, काहीही करा, ते बागेच्या जवळच करावं लागतं. म्हणजे परत जागा, आणि परत सातबारा.

म्हणून पुढची परिषद ठरवताना हॉटेलच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून दुसरंच काहीतरी करून पाहावं. फोर्टमधल्या जुन्या कस्टम हाऊसमध्ये मुंबई शहर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आहे, उपनगरचं वांद्र्याला आहे. दोन्हीकडे महिन्यातून एक शनिवार सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचं टेबल लावा. वेंगुर्ले, मालवण, राजापूर, ज्या तालुक्याचे अर्ज असतील तिथला अधिकृत माणूस तिथे बसवा. सहहिस्सेदार येतील, ओळख पटवतील, संमतीचे जबाब देतील, आणि फाईल तालुक्याला जाईल. मोजणी गावातच होईल, त्याला इलाज नाही. पण सह्या तरी लोकल पकडून करता येतील.

दुसरं, गणपती. सगळे सहहिस्सेदार एका छपराखाली असतात ते याच दिवसांत, आणि नेमक्या तेव्हाच सरकारी सुट्याही येतात. आरतीच्या वेळी कागद पुढे करा असं कोणी म्हणत नाही. पण गौरी-गणपती विसर्जनानंतर दोन दिवस ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे पूर्वीचा तलाठी) चावडीवर भेटला, तर वर्षानुवर्षांची कामं मार्गी लागतील. त्याला त्या दोन दिवसांची बदली रजा द्या, तोही माणूसच आहे.

एक काळजी मात्र घ्या. अशा शिबिरात बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याचा सपाटा सुरू होईल. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत 1994 मध्येच हक्क दिला, देशाने 2005 मध्ये. आमच्याकडे अजूनही भावाला “नाही” म्हणणारी बहीण वाईट ठरते. टेबलावरच्या अधिकाऱ्याने बहिणीशी स्वतंत्र बोलावं, आणि तिला हिस्सा हवा असेल तर तो वेगळा मोजून द्यावा. आमच्या आत्याच्या मुलीला बोंडूच्या सिरपचा धंदा करायचाय. तिला भावाच्या मेहरबानीची जागा नको, स्वतःच्या नावाची हवी आहे.

रत्नागिरीतल्या नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना 2019 मध्ये रद्द झाली, मग त्याच्या नव्या जागेवरून बारसूला आंदोलन झालं. त्या वादात मी इथे पडत नाही. फक्त एक पाहिलंय. मोठा प्रकल्प येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी सातबाऱ्यावरची विखुरलेली नावं शोधत बाहेरचे दलाल कल्याण-नालासोपाऱ्यापर्यंत पोचतात, सह्या घेतात, पैसे मोजतात. दलालाला जो पत्ता सापडतो तो सरकारला सापडू नये, याचं नवल वाटतं.

टेबल कोणत्या शनिवारी लागणार हे महिनाभर आधी कळवा. गावोगावच्या मुंबईकर मंडळांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत, निरोप पोचवायचं काम आम्ही करू. बडोद्याच्या मंडळींना तेवढी तिकिटं काढायला वेळ लागतो.

आपला,
एक काजू व्यावसायिक
लोअर परळ, मुंबई (मूळ गाव वेंगुर्ले तालुका)