तुझा आवाज ओळखून

साखळी,
14 सप्टेंबर 2025

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तीनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. उचलला असतास तर पुन्हा भांडलो असतो, तेव्हा बरंच झालं. विनू उद्या रात्रीच्या गाडीने पुण्याला निघतोय, त्याच्याबरोबर हे पाठवते. वाचून फाडून टाकलंस तरी चालेल, पण आधी वाच.

चवथीला तुझ्या त्या शेअरच्या व्हिडिओंवरून जे बोलणं झालं ते उकरून काढायचं नाही असं ठरवूनच बसले आहे. गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीखाली उभं राहून आईने पोरीवर ओरडायला नको होतं, आणि तेही दिनूमामा, वैनी सगळी जेवायला बसलेली असताना. चूक माझी. ते झालं.

लिहायला बसले ते फुलकार काकीमुळे. शुक्रवारी देवळातून परत येताना ती घरी आली. अबोलीच्या दोन फाती, ओवलेले गजरे, माझ्या हातात ठेवल्या आणि पैसे घेईना. म्हणाली, आज तोंड गोड करायला आले. झिलाच्या, मुलाच्या, फोनवर बायचा आवाज आला, मी लगेच ओळखला, नवरात्रात देवळात म्हणते तोच. आपली बाय सांगते म्हटल्यावर विचार कसला करायचा? पोस्टातल्या आरडीचे, दरमहाच्या बचतीचे, पैसे ऑगस्टमध्ये हातात आले होते. महिना हजार, साठ हप्ते, 69 हजार आणि वर थोडे. ते सगळे झिलाने तुझ्या व्हिडिओतल्या त्या एआय कंपनीत घातले. 52 रुपयांनी घेतलेला शेअर सहा दिवसांत 69 झाला. फोन उघडून मला हिरवा आकडा दाखवला, 92 हजारांच्या वर. दसऱ्याआधी पोस्टातलं सर्टिफिकेटही सुटतंय, तेही घालणार म्हणाली.

मी चहा केला. काही बोलले नाही. बोलायला हवं होतं आणि बोलले नाही, म्हणून दोन रात्री झोप नाही.

तिने तुझं नाव पाहिलं नव्हतं. नाव नव्हतंच त्यात. तिने आवाज ओळखला. तो आवाज कोणी घडवला ते मला माहीत आहे. पहाटे वाळवंटी नदीकाठच्या विठ्ठलाच्या देवळात काकड्याला तुला मीच झोपेतून ओढून नेत असे. थंडीत तुझे ओठ निळे पडायचे, पण 'ओम' लावलास की पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या मान वळवून बघायच्या. कला अकादमीच्या भजन स्पर्धेला गेलो तेव्हा पणजीला जाताना कदंबा बसमध्ये तुला उलटी झाली, माझ्या पदरावर, आणि तसाच पदर कमरेला खोचून मी पहिल्या रांगेत बसले होते. असो. कुठून कुठे गेले.

विनूने तो व्हिडिओ मला चार वेळा लावून दाखवला. खरं सांगू? आधी ऊर भरून आला. इतकं स्वच्छ मराठी, कुठे अडखळणं नाही, 'गुंतवणूकदार' हा शब्द जिभेला न अडकता. मग तो शेवटी थांबवून दाखवला. पांढऱ्या बारीक अक्षरांत 'केवळ शैक्षणिक हेतूने', एक श्वास घेईपर्यंत गेलं. कंपनीने की आणखी कोणी या व्हिडिओचे पैसे दिले, किती दिले, ते कुठेच नाही. तुला अठरा हजार मिळाले हे मला माहीत आहे, कारण त्यातून मिक्सर आला. काकीला ते माहीत नाही.

माझं एवढंच विचारणं आहे. पैसे कोणी दिले ते ऐकणाऱ्याला सांगितलंस का?

तू म्हणालीस, आई, मी फक्त आवाज देते, स्क्रिप्ट त्यांची, पोस्टमन काय पत्र वाचतो? उत्तर तेव्हा सुचलं नाही. चोवीस वर्षं पोस्टाच्या आरडीची एजंट आहे मी, पोस्टमन मला शिकवतेस? पोस्टमन पाकीट देतो आणि सायकल काढतो. दारात उभा राहून गोड आवाजात 'या पत्रातलं सगळं खरं हो' असं म्हणत नाही. बघ, लागले ओरडायला. क्षमा कर. पण खोडत नाही, राहू दे.

विनूने बसून कंपनीचे कागद काढले. बीएसईच्या साइटवर सगळे असतात, कोणीही बघावे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही कंपनी कापडाचा व्यापार करत होती. मग नाव बदललं, नावात एआय आलं. वर्षाची विक्री काही लाखांत, आणि पगाराचा खर्च इतका की त्यात आपल्या सोसायटीचा वॉचमनही वर्षभर टिकणार नाही. विनू म्हणाला, मावशी, एआयवाल्या एका इंजिनिअरला महिन्याला जेवढं द्यावं लागतं तेवढा यांचा वर्षाचा पगार. आणि एप्रिलमध्ये चाळीसेक लोकांना 11 रुपयांनी नवे शेअर दिलेत. अशा शेअरना सहा महिने विकायची बंदी असते. ती सुटते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तुझे व्हिडिओ सुरू झाले ऑगस्टमध्ये.

हे ऐकल्यावर माझे हातपाय गार पडले. ज्यांनी 11 ला घेतले त्यांना 69 ला विकायला कोणीतरी घेणारं हवं ना? ते घेणारं म्हणजे आपली काकी.

तू म्हणशील, आईला आता सगळीकडे चोर दिसतात. एआय खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. विनूची ऑफिसातली अर्धी पत्रं तेच लिहितं. पण नाव लावून काय होतं? डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेत बाटलीतला थंड चहा विकणाऱ्या लाँग आयलंड आइस्ड टी या कंपनीने नावात तेव्हा गाजत असलेला 'ब्लॉकचेन' हा शब्द घातला, आणि शेअर एका दिवसात जवळजवळ तिप्पट झाला. पुढच्याच वर्षी तिकडच्या नॅसडॅक शेअर बाजाराने तिला बाहेर काढलं. आपल्या कोकम सरबताच्या गाड्यावर उद्या 'एआय सरबत' लिहिलं तर तू दोन रुपये जास्त देशील का? याच वर्षी एप्रिलमध्ये तिकडच्या सरकारी वकिलांनी नेट नावाच्या एका ॲपच्या मालकावर खटला भरला. एआय आपोआप खरेदी करतं म्हणून त्याने चार कोटी डॉलरांवर पैसे उभे केले, आणि आरोप असा की मागे फिलिपिन्समधली माणसं बसून हाताने ऑर्डरी भरत होती.

आणि आपल्याकडचं साधना ब्रॉडकास्ट या कंपनीचं प्रकरण तर तुझ्याच धंद्यातलं. 2022 च्या जुलैत यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ आले, त्यांच्या जाहिरातीवर कोट्यवधी रुपये ओतले. शेअर धरणारे 2,167 होते ते 55,343 झाले, आणि ही गर्दी आत येत असताना आतले विकून बाहेर पडले. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने 2023 च्या मार्चमध्ये आदेश काढला, आणि यंदा मे महिन्यात 59 जणांवर कारवाई केली. चॅनेल चालवणारेही सुटले नाहीत. अमेरिकेत तर 1933 च्या कायद्यातच आहे की शेअरची भलामण करायला मोबदला घेतलास तर कोणाकडून आणि किती ते उघड सांगायचं, नाहीतर बेकायदा. आपल्याकडे शेअर घ्या म्हणून सांगायचं तर सेबीकडे नोंदणी लागते. तुझी आहे? तुझ्या त्या साहेबाची तरी आहे?

पोलीस तुझ्या दारात येतील ही भीती आहेच. आई आहे, कशी नसेल? पण ती दुसरी भीती. पहिली तुला सांगितली.

काकीचा मुलगा म्हणतो, पडायला लागला की विकू. त्याला कोणी सांगितलं नाही की या शेअरला दिवसाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. वर जाताना रोज पाच टक्के बरे वाटतात. खाली यायला लागला की सकाळी बाजार उघडताच पाच टक्के खाली, विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा एकही नाही. असे चौदा दिवस गेले तर 69 चे 34 सुद्धा राहत नाहीत, आणि त्या चौदा दिवसांत एक शेअर विकता येत नाही. हे काकीला समजेल. रात्री आठ वाजता दत्ताच्या देवळासमोर तिच्या पाटीत उरलेल्या शेवंतीचं काय होतं ते तिच्याइतकं कोणाला माहीत? फुलं तीच, सकाळचीच, पण गिऱ्हाईक गेलं की ती नदीत सोडायची. मला सांगता आलं नाही, कारण मला तिच्यासमोर हे बोलण्याचं तोंड नाही.

ते का नाही, ते तुला कधी सांगितलं नव्हतं.

माझ्या पाटल्या घराच्या कौलांसाठी मोडल्या असं तुला सांगितलं होतं. कौलं पपांच्या बोनसमधून आली. तू पोटात होतीस त्या वर्षी मी सागवानाच्या एका कंपनीची एजंट होते. हजार रुपयांत एक झाड, वीस वर्षांनी त्याचे लाख. जाड कागदाचं सर्टिफिकेट, कोपऱ्यात हिरवं झाड छापलेलं. आपल्या वाड्यावरच्या सात घरांना मी ती विकली. हजारामागे मला सव्वाशे मिळायचे. कोणीच विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मला ती झाडं खरीच वाटत होती गं, म्हणून तर सांगताना आवाजात काही खोट नव्हती. दोन वर्षांत त्यांच्या ऑफिसला कुलूप. सेबीचे नियम आले 1999 साली, तोवर कागद घेऊन कोणाकडे जायचं तेही कळत नव्हतं. पाटल्या मोडून सातही घरांचं मुद्दल फेडलं. सगळ्यांनी काही ना काही ऐकवलं. काकीने ऐकवलं नाही. पैसे मोजले, पदराला बांधले, आणि पुढे मी पोस्टाची एजंट झाले तेव्हा पहिली आरडी तिनेच काढली. पोस्टात हजाराला मला चाळीस मिळतात. ते मी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं. अजून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला पुस्तक उघडायच्या आधी सांगते. तू लहानपणी मला चिडवायचीस, 'आई, परत सुरू झालीस!'

म्हणून तुझ्यावर ओरडले. तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती, ते मलाच नीट कळत नाही.

पपांना यातलं काही बोलू नकोस. दुसरा ट्रक 2010 ला घेतला तेव्हा मी नको म्हटलं होतं. सगळे घेतायत, चीनला माल जातोय म्हणाले. 2012 ला खाणी थांबल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला, टायरांत पावसाचं पाणी साचलं. तेव्हापासून पैशाचा विषय निघाला की ते उठून माडांना पाणी घालायला जातात. पावसात सुद्धा.

नोकरी सोड असं म्हणत नाही. म्हणायचं आहे, पण म्हणत नाही. पुण्याचं भाडं कोण भरणार हे मला कळतं. चांगल्या कंपन्यांनाही आवाज लागतो, पुस्तकं वाचायला लागतात, रेल्वे स्टेशनवर लागतो. बघ, परत सुरू झाले.

तू एक कर. काकीला फोन कर. तिचा नंबर विनूकडे आहे. दुपारी दोन ते चार ती घरी असते, फाती वळत बसलेली. तुझ्या स्वतःच्या तोंडाने सांग की त्या व्हिडिओचे तुला पैसे मिळाले होते आणि किती. बाकी कंपनी चांगली की वाईट ते नको सांगूस, विका म्हणूनही नको सांगूस, तेही आपलं काम नाही. ऑक्टोबरमध्ये कोणाची बंदी सुटतेय ते विनू तिच्या झिलाला कागद दाखवून समजावेल, तो तयार आहे. पण पैशाचं तूच सांग. माझ्याकडून ऐकलं तर तिला वाटेल, हिला पोरीचं चांगलं बघवत नाही. तुझा आवाज ती ओळखते.

सर्टिफिकेट सुटायला अजून अकरा दिवस आहेत.

मिक्सर अजून खोक्यातच आहे. वैनीला वाटतं गॅरंटी कार्ड हरवलं म्हणून काढत नाही. वाटण मी रगड्यावरच करते, सवय आहे, हात दुखतो एवढंच.

चवथीच्या नेवऱ्यांचा डबा तू टाकून गेलीस. त्या पपांनी आणि विनूने संपवल्या. आता नव्या केल्या आहेत, खोबऱ्याच्या, तीळ घातलेल्या. तुला आवडतात तसा वेलदोडा कमी. सोबत सोलं आहेत आणि काकीने दिलेली एक फाती, ओल्या फडक्यात गुंडाळून. ती पोचेपर्यंत सुकेल बहुतेक. डबा स्टीलचा आहे, झाकणासकट परत आण.

तुझी,
आई