सूचना : इंद्रलाल रॉय यांच्या चरित्रशोधाची टिपणे

सर्व सभासदांना आठवण करून देण्यात येते की, पहिल्या महायुद्धातील वैमानिक इंद्रलाल रॉय यांच्याविषयीची टिपणे येत्या रविवारपर्यंत जमा करावीत. २ डिसेंबर १८९८ रोजी कोलकात्यात जन्मलेल्या या तरुणाला दृष्टिदोषामुळे आधी वैमानिक म्हणून नाकारण्यात आले, तेव्हा त्याने मोटारसायकल विकून नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून फेरतपासणी करून घेतली. पुढे जुलै १९१८ मध्ये तेरा दिवसांत दहा हवाई विजय नोंदवून, अवघ्या एकोणीस वर्षांचा असताना, २२ जुलैला तो फ्रान्सच्या आकाशात मारला गेला. फ्रान्समधील एस्तेवेल येथील त्याच्या कबरीवर बंगाली ओळी कोरलेल्या आहेत. कबरीचे छायाचित्र पाहताना मन हलते, म्हणून बंगाली जाणणाऱ्या सभासदांनी त्या ओळींचे मराठी भाषांतर अवश्य करून द्यावे. प्रत्येक तारखेपुढे मूळ कागदाचा उल्लेख असावा. ऐकीव कथा वेगळ्या पानावर लिहाव्यात.