गोळ्यांच्या वेळा मी बदलून घेतल्या आहेत

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे सगळे फोनवर सांगितले असते तर बाबा नुसते "बरं, बरं" म्हणाले असते आणि आईने विषय बदलला असता, म्हणून मुद्दाम पत्र लिहिते आहे. परवा डॉक्टरांशी सविस्तर बोलून मी तुम्हा दोघांच्या गोळ्यांच्या वेळा बदलून घेतल्या. आधी तुम्हाला विचारायला हवे होते, हे मला कळते. पण बाबा, रात्री अडीच वाजता मोरीच्या उंबरठ्याशी तुमचा तोल गेला आणि सकाळपर्यंत तुम्ही आईलाही उठवले नाही, हे ऐकल्यापासून मला स्वस्थ बसवले नाही.

तुमच्या रक्तदाबाच्या गोळीतच लघवी वाढवणारे औषधही आहे. ती रात्री घेतली की दोन-तीनदा उठावे लागते, आणि झोपेतून एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. म्हणून उद्यापासून ती सकाळी न्याहारीनंतर घ्यायची. ही गोळी रात्रीच घ्यावी असे तुम्ही वाचले होते, तेही निराधार नव्हते. २०१९ साली स्पेनमधल्या एका अभ्यासाने तसेच सांगितले होते. पण पुढे ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रुग्णांना काही वर्षे पाहिले गेले, आणि २०२२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात सकाळी घेणारे व रात्री घेणारे यांच्यात हृदयविकाराच्या किंवा पक्षाघाताच्या बाबतीत फरक आढळला नाही. तेव्हा वेळ बदलल्याने तुमचे काही कमी होणार नाही. उलट झोप सलग लागेल. कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन कोणत्याही वेळी चालते, त्यामुळे ती रात्रीच राहू दे, तुमची सवय मोडायला नको.

आई, तुझा चहा मी बंद करत नाही, हे आधी सांगते. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची गोळी पुरी पडते की नाही ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेला निघाला तेव्हा तू रडवेली होऊन म्हणालीस, "एकही गोळी चुकवली नाही गं." खरेच चुकवली नव्हतीस. पण थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी तू चहाच्या एकाच घोटाबरोबर घेतेस, हे दिवाळीत मी ओट्यापाशी उभी राहून पाहिले आणि तेव्हाच बोलले नाही, याची रुखरुख मला अजून आहे. कॅल्शियममुळे थायरॉइडचे औषध पोटात नीट शोषले जात नाही. दोन्हींमध्ये निदान चार तास हवेत. म्हणून थायरॉइडची गोळी उशाशी, तांब्याशेजारी ठेव. पाचला जाग आली की ती नुसत्या पाण्याबरोबर घे. मग तुझे अंगण, फुले आणि तुळशीचे पाणी होईपर्यंत तास सहज उलटतो, आणि नंतरचा चहा निवांत घे. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायचा आहे, तोवर मनाने काही कमी-जास्त करू नकोस.

मला टायफॉइड झाला होता तेव्हा बाबा गजर लावून रात्री उठत, आणि आई त्या कडू औषधावर गुळाचा खडा माझ्या जिभेवर ठेवी. मी अर्धवट झोपेत असे, पण औषधाची वेळ तुम्ही एकदाही चुकू दिली नाहीत. तेच आता मला तुमच्यासाठी करायचे आहे, आणि मी इतक्या लांब आहे.

तेव्हा आता ऐका. वारांच्या खणांची डबी पाठवली आहे, ती दर रविवारी दोघांनी मिळून भरायची, चष्मा लावून. एखादी गोळी राहिली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. बाबा, साखरेची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची आणि एकादशीचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरायचा नाही. मी रागावून लिहीत नाही, पण या बाबतीत तुमचे ऐकणारही नाही.

शनिवारी येईन तेव्हा मोरीच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा लावून देईन. तोवर बाबांनी रात्री उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या काठावर बसावे आणि आईला हाक मारावी. तिची झोपमोड झाली तरी चालेल, मी तिला विचारले आहे.

तुमची,
धाकटी