शाखा निवडताना नागपूरकडेही बघा

महोदय,

परवा शेजारच्या मुलीचा इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडचा (केंद्रीय प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म भरायला बसलो होतो. पहिले नऊ पर्याय एकच, कॉम्प्युटर. फक्त कॉलेजं वेगळी. तिनं हळूच विचारलं, "काका, केमिकलमध्ये नेमकं काय शिकवतात?" तिचे बाबा लगेच म्हणाले, "ते राहू दे, त्यात नोकऱ्या कुठं आहेत?"

हे नागपुरात ऐकावं लागतं, याचं मला फार वाईट वाटलं. केमिकल शिकवणारी एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) इथं १९४२ पासून आहे. कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स, मँगनीज काढणारी मॉईल आणि भारतीय खाण ब्यूरो यांची मुख्यालयं याच शहरात आहेत. कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं तासाभराच्या आत. पाणी आणि प्रदूषणावर काम करणारी संशोधन संस्था नीरी तर १९५८ पासून आपल्या शेजारी आहे. मायनिंगचंच घ्या. ही शाखा नागपूरच्या व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत आहे. पदवीनंतर खाणीत अनुभव घ्यायचा, मग खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा द्यायची. ते प्रमाणपत्र असल्याशिवाय खाणीचा व्यवस्थापक होता येत नाही. काम कष्टाचं आहे, पोस्टिंग आडगावी मिळतं, हेही मुलांना आधीच सांगावं.

कॉम्प्युटरला माझा विरोध नाही. ज्याला कोडिंगची आवड आहे त्यानं ते जरूर घ्यावं. पण बारावीच्या मुलांना कॉलेजांनी फॉर्म भरण्याआधी एकदा तरी कोराडीचा बॉयलर आणि नीरीची प्रयोगशाळा दाखवावी, एवढी कळकळीची विनंती आहे.

त्या मुलीचा दहावा पर्याय आम्ही केमिकलचा भरला.

– एक पालक, नागपूर