गर्डर चढवताना वरचा हुक तपासा
महोदय,

घरदुरुस्तीत भिंत काढून लोखंडी गर्डर चढवायचा असला की चेन पुली (साखळी ओढून जड वजन उचलायचं साधन) भाड्याने येते आणि सर्रास पंख्याच्या हुकाला अडकवली जाते. मी बांधकामावर सुपरवायझर आहे. हे पाहून जीव खालीवर होतो. पुली एक टनाची असली म्हणून वरचा हुक एक टन पेलेलच असं नाही. शिवाय गर्डर उचलायला त्याला बांधलेले दोन पट्टे पुलीच्या खालच्या हुकात घेताना ते आडव्या रेषेशी 30 अंशांइतके पसरले, तर प्रत्येक पट्ट्यावर अर्धा नव्हे, पूर्ण भार येतो. 60 अंशांना तो साधारण 58 टक्केच राहतो. म्हणून पट्टे लांब घ्या, म्हणजे ते जास्त उभे राहतात. आणि तोल सांभाळायला लटकत्या गर्डरखाली पोरगं उभं केलेलं दिसलं, तर घरमालकांनी काम तिथेच थांबवावं, मिस्त्री कितीही चिडला तरी. टोकांना दोर बांधून गर्डर लांबूनही आवरता येतो.

– एक सुपरवायझर