बर्फाला दोष देऊन चालणार नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाच्या वाटचालीवरचा लेख वाचला. १८३० ची स्थापना, १८४४ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात जमावाने केलेला संस्थापक जोसेफ स्मिथचा खून, १८४७ मध्ये त्याचा वारस ब्रिगहॅम यंगबरोबर युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरलेली पहिली तुकडी, हे सगळं व्यवस्थित आलंय. पण १८५६ मध्ये हातगाड्या ओढत युटाकडे निघालेली माणसं वाटेत दगावली, ते प्रकरण अवेळी पडलेल्या बर्फावर ढकलून एका ओळीत उरकलंय. त्याला माझी हरकत आहे. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी काढली, वडील बैलगाड्या करणारे सुतार. गाडी रस्त्यात मेली की ती डेपोतून कधी आणि कशी सुटली ते आधी बघायचं, हवामान नंतर.

१८५५ मध्ये युटात टोळांनी पिकं खाल्ली आणि पंथाच्या स्थलांतर निधीत खडखडाट झाला. युरोपातून येणाऱ्या गरिबांना बैलांच्या गाड्या देणं परवडेना, म्हणून यंगने हातगाड्यांची योजना काढली. आयोवा सिटीपर्यंत रेल्वे, तिथून पुढे सुमारे २१०० किलोमीटर स्वतः गाडी ओढत चालायचं. माणशी सामान १७ पौंड, म्हणजे आठ किलोसुद्धा नाही! त्या वर्षीच्या पहिल्या तीन तुकड्या ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सुखरूप पोचल्या.

विली आणि मार्टिन या म्होरक्यांच्या पुढच्या दोन तुकड्या मात्र लिव्हरपूलहूनच मे महिन्यात निघालेल्या. आयोवात येऊन बघतात तर गाड्या तयार नाहीत. मग घाईघाईने ओल्या लाकडाच्या ठोकल्या. बाभूळ चांगली मुरल्याशिवाय वडील चाकाच्या तुंब्याला हात लावत नसत. ओलं लाकूड कोरड्या हवेत आटतं, आरे खुळखुळतात, चाकावरची लोखंडी धाव निसटते. तिकडच्या माळरानावर चाकांचं तेच झालं. आख झिजायला लागले आणि वंगण नाही, तेव्हा लोकांनी खायला मिळालेली डुकराची चरबी आणि साबण चोळला.

ऑगस्टच्या मध्याला वाटेतल्या नेब्रास्कामधल्या फ्लॉरेन्सला पुढे जावं की थांबावं यावर सभा झाली. विलीच्या तुकडीतल्या लेव्ही सॅव्हेज नावाच्या माणसाने स्पष्ट सांगितलं की म्हातारेकोतारे आणि पोरं घेऊन इतक्या उशिरा निघाल तर माणसं मरतील. (हा सॅव्हेज त्याआधी धर्मप्रचारासाठी कलकत्ता आणि रंगूनला जाऊन आलेला. त्याच काळात ह्यू फिंडले हा त्यांचा प्रचारक मुंबई-पुण्यात खटपट करत होता. मराठी पेपरातल्या लेखात एवढं तरी यायला हवं होतं.) बहुमत त्याच्या विरोधात गेलं. तरीही तो त्यांच्याबरोबर गेला. मला या सगळ्या इतिहासात तोच माणूस मोठा वाटतो.

पुढे रानरेड्यांच्या धावपळीत विलीच्या तुकडीची तीसेक जनावरं गेली, पिठाचं रेशन कापावं लागलं आणि १९ ऑक्टोबरला वायोमिंगमध्ये हिमवादळाने गाठलं. घोडागाडीतून मागून येऊन पुढे निघून गेलेले, पंथाचं युरोपातलं काम बघणारे फ्रँकलिन रिचर्ड्स यांनी ४ ऑक्टोबरला सॉल्ट लेकमध्ये बातमी दिली, तेव्हा यंगला कळलं की हजारभर माणसं अजून वाटेत आहेत. दुसऱ्याच दिवशी भर सभेत त्याने खेचरं, गाड्या, पीठ मागितलं आणि लोक लगेच निघालेही. या धावाधावीचं कौतुक करायलाच हवं. तरी दोन्ही तुकड्या मिळून दोनशेवर माणसं दगावली. नंतर यंगने रिचर्ड्सना जाहीर बोल लावले. पण योजना मुळात यंगचीच, आणि गाड्या किती, कधी तयार होणार हा हिशेब वरून कुणी ठेवलाच नव्हता.

मुलाकडे युटात राहिलो तेव्हा २४ जुलैच्या, म्हणजे पहिली तुकडी खोऱ्यात पोचल्याच्या दिवसाच्या, मिरवणुकीत हातगाड्या पाहिल्या. पोरं हौसेने ओढत होती, चाकं मात्र चांगल्या वाळलेल्या लाकडाची, धाव घट्ट बसलेली.

१८६० पर्यंत हातगाड्यांच्या एकूण दहा तुकड्या गेल्या, साधारण तीन हजार माणसं. एवढा मृत्यू या दोनच तुकड्यांत झाला. तेव्हा पुरवणीच्या पुढच्या अंकात दुरुस्ती छापणार असाल तर बर्फाआधी सुटण्याची तारीख छापा.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी, कराड