पोस्टर मागताय ना, मग छापायचं पण बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या पुढं आमचं गाव, मराठी विषयात पीएच.डी. करतेय. गणपतीच्या तोंडावर एका विद्यापीठात संशोधन पोस्टरचं प्रदर्शन होतं त्यात मी भाग घेतला होता. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एका ठिकाणचं नाही, माझ्या मैत्रिणींना दुसरीकडं पण असंच झालंय. सांगायचं एवढंच आहे की पोस्टर आणा म्हणून सर्क्युलर काढायचं आणि ते छापायचं सगळं पोरांच्या डोक्यावर सोडून द्यायचं हे बंद व्हायला पाहिजे, पोस्टर मागणाऱ्यानंच ते छापून द्यायची सोय केली पाहिजे. का म्हणते ते सविस्तर लिहिते, थोडं लांबेल.

माझा विषय आमच्या भागातल्या भातशेतीचे शब्द. तरवा, रोप लावण, चिखल, मळणी, इरलं, असे शब्द जे आमच्या घरात रोज होते आणि आता हळूहळू जायला लागलेत. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्या विणून त्यात पानं घालून केलेलं पाठीवर घ्यायचं पावसाचं छप्पर, वाकून रोप लावताना बाया ते घालायच्या, दोन्ही हात मोकळे राहायचे. आता सगळ्यांकडं प्लास्टिकचं आलंय. आमच्या काकांच्या घरी एक जुनं इरलं आढ्याला टांगलेलं आहे, त्याचा फोटो पोस्टरच्या मधोमध घ्यायचा होता. पोस्टरचं नाव होतं ‘डोंगरदऱ्यांतल्या शेतकऱ्यांच्या बोलीतले भातशेतीचे शब्द’. हे नाव लक्षात ठेवा, पुढं यातच सगळं झालं.

सर्क्युलर व्हॉट्सअॅपवर आलं. वर लिहिलं होतं ए-झिरो साइझ, खाली नियमात लिहिलं होतं तीन बाय चार फूट. लोकांना वाटतं हे एकच आहे पण एक नाहीय. ए-झिरो म्हणजे ८४१ मिलिमीटर रुंद आणि ११८९ उंच. तीन बाय चार फूट म्हणजे ९१४ रुंद आणि १२१९ उंच. रुंदीत जवळजवळ तीन इंचाचा फरक पडतो आणि दोन्हींचं प्रमाण पण वेगळं, म्हणजे एकासाठी केलेलं दुसऱ्यावर बसवायचं तर एकतर कडा मोकळ्या सोडायच्या नाहीतर काहीतरी कापायचं नाहीतर ताणायचं. मी विचारायला फोन केला तर उत्तर मिळालं की स्टँडर्ड साइझ करा. आता स्टँडर्ड म्हणजे कुठलं? मी ए-झिरो धरून पॉवरपॉइंटमध्ये तयार केलं, कॉलेजच्या लॅबमध्ये, आठ दिवस बसून.

बेळगावला सकाळच्या पहिल्या बसनं गेले. आमच्याकडनं पावसात ती बस वेळेवर आली हेच नशीब. पेन ड्राइव्ह घेऊन बाजारातल्या एका फ्लेक्सवाल्याकडं गेले, दुकानात गणपती मंडळांच्या बॅनरची ही गर्दी, मशीन दिवसरात्र चालू. मालक चांगले माणूस होते, म्हणाले छापून देतो खरं अक्षरं कशी येतील ते सांगता येणार नाही. (आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, बाहेरच्या वाचकांसाठी सांगते.) त्यांच्याकडच्या डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये माझा मजकूर कॉपी करून टाकल्यावर स्क्रीनवर ‘चिखल’चं ‘चखिल’ झालं होतं. सगळ्या पहिल्या वेलांट्या एकेक घर पुढं सरकलेल्या. असं का होतं ते मी नंतर समजून घेतलं. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरी आहे, त्यात अक्षर आधी साठवलं जातं आणि वेलांटी नंतर, दाखवताना मात्र वेलांटी अक्षराच्या आधी काढायची असते आणि ते काम सॉफ्टवेअरनं करायचं असतं. जुन्या सॉफ्टवेअरला ते येत नाही, ते आपलं जसं साठवलंय तसं ओळीनं मांडून मोकळं होतं.

दुसऱ्या दुकानात म्हणाले आमच्या फॉन्टमध्ये परत टाइप करून देतो. हे जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठीचे आकार बसवलेले असतात, त्या मशीनवर छान दिसतं, दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. टाइप करणारा मुलगा कन्नड, मराठी बोलतो झकास पण मराठी शाळेत शिकलेला नाही, आणि डोक्यावर बॅनरचं काम. तरी माझ्यासाठी दोन तास बसला बिचारा. मी पण स्क्रीनवर घाईत वाचलं, संध्याकाळची बस चुकली तर मुक्काम करायला लागला असता. फ्लेक्स छापला, खळ आणि रिंगा मारून गुंडाळी करून घेतली आणि घरी आले.

रात्री सोप्यात ती गुंडाळी पसरली. बाबा चष्मा लावून वाकून वाचायला लागले, एकेक शब्दावर बोट ठेवून, कारण त्यातले निम्मे शब्द मी त्यांच्याकडूनच गोळा केलेले. नावावरच बोट थांबलं. म्हणाले आमच्यात दर्या कुठला ग? मी बघितलं तर ‘डोंगरदर्यांतल्या शेतकर्यांच्या’ असं छापलेलं, फूटभर लांब, लाल रंगात. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, आचाऱ्यांना आणि आचार्यांना हा फरक आपण शाळेत शिकलोय. तो आडवा र, जो रेफासारखा डोक्यावर चढत नाही, त्या अक्षराला जोडून बसतो, तो मराठीत आहे आणि हिंदीत नाही, त्यामुळं हिंदीसाठी केलेल्या पुष्कळ फॉन्टमध्ये आणि टायपिंगमध्ये तो नीट येत नाही. शेतकऱ्यांचा, वाऱ्याचा, पायऱ्यांचा, दुसऱ्याचा, सगळ्यांचा र असा डोक्यावर चढलेला. खाली ‘तरवा’चं ‘तारवा’ झालं होतं. ज्या पोस्टरचा विषयच शब्द आहेत त्याच्यात शब्दच चुकीचे, मग मी तिथं उभी राहून काय सांगणार होते? रात्री मला रडू आलं हे खरं आहे.

आणि इरलं. फोटो काकांच्या मुलानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला, मोबाइलवर एकदम छान दिसत होता, फ्लेक्सवर नुसते तपकिरी चौकोन. कामट्यांची वीण दिसत नव्हती, पानं कुठली कामट्या कुठल्या कळत नव्हतं. नंतर कळलं की तिथं फोटो म्हणून पाठवलं की तो आवळून छोटा केला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. पोस्टरवर एक फूट रुंद फोटो चांगला दिसायचा असेल तर इंचाला दीडशे टिंबांच्या हिशेबानं त्याची रुंदी अठराशे टिंबं तरी पाहिजे. एवढी साधी गोष्ट सर्क्युलरच्या खाली दोन ओळीत लिहिली असती तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी परत बेळगाव. ह्या वेळी तिसऱ्या ठिकाणी गेले, तिथं कागदावर छापणारा मोठा प्लॉटर होता. काउंटरवरच्या मुलानं पहिलंच विचारलं, अक्का, पीडीएफ ऐतेन? (म्हणजे कन्नडमध्ये, पीडीएफ आहे का?) मी म्हणलं आहे. मैत्रिणीनं रात्री मला फोनवर सांगितलेलं की पॉवरपॉइंटमधनंच पीडीएफ काढ, फॉन्ट त्याच्या आतच बसतात, मग दुकानातल्या मशीनवर तुझा फॉन्ट असो नसो काही फरक पडत नाही, कुणी परत टाइप करायचा प्रश्नच येत नाही. काकांच्या मुलाकडनं फोटो परत मागवला, डॉक्युमेंट म्हणून. आणि अजून एक चांगली युक्ती तिनं सांगितली ती सगळ्यांच्या उपयोगाची आहे म्हणून लिहिते, पोस्टर छापायच्या आधी तेच पीडीएफ साध्या ए-फोर कागदावर काढायचं. ए-झिरो म्हणजे सोळा ए-फोर, प्रत्येक बाजू चौपट, म्हणून पोस्टरवरचं २४ पॉइंटचं अक्षर तिथं ६ पॉइंटचं येतं, बारीक पण वाचता येतं, आणि ते हातात धरून निवांत बसून वाचता येतं. मी तो कागद आधी बाबांना द्यायला पाहिजे होता.

वीस मिनिटात छापून झालं. शब्द सगळे बरोबर, इरल्याची वीण बोट लावून मोजता येईल अशी. पैसे मात्र फ्लेक्सपेक्षा कितीतरी जास्त, आणि फ्लेक्सचे आधी गेलेलेच, शिवाय दोन दिवसांची बस आणि जेवण. शेतकऱ्याच्या घरात हे पैसे कुठनं तरी काढून द्यायला लागतात, हे सर्क्युलर लिहिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. ज्यांची घरं शहरात आहेत त्यांचं एकवेळ चालतं. जांबोटी, कणकुंबी, लोंढा ह्या बाजूच्या पोरांनी एक शब्द दुरुस्त करायला अख्खा दिवस घालवायचा?

प्रदर्शनात बोर्ड बघितले तर ते ए-झिरोचे. ज्यांनी तीन बाय चार फूट छापलेलं त्यांची पोस्टरं दोन्ही बाजूनं बाहेर आलेली, शेजारच्या पोस्टरवर चढलेली. फ्लेक्सवाल्यांना पिना लागेनात, दोन्हीकडनं चिकटणारा टेप लावला तर फ्लेक्सच्या वजनानं सुटून खाली, एका मुलीचं पोस्टर परीक्षक समोर उभे असताना पडलं. तिचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं असं मला मनापासून वाटतं. तिची काय चूक, नियमात जे लिहिलंय तेच तिनं केलेलं.

फ्लेक्सचं अजून एक. कर्नाटकात २०१६ मध्ये प्लास्टिकच्या फ्लेक्सवर सरकारनं बंदी घातलेली आहे, तरी विद्यापीठाच्या कार्यक्रमात पर्यावरणाच्या विषयावरची पोस्टरं पीव्हीसी फ्लेक्सवर लागलेली मी डोळ्यानं बघितली. पोरांना दोष देत नाही, गल्लीत जे मिळतं आणि परवडतं तेच पोरं छापणार.

आता माझं म्हणणं. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० पासून आहे, मेडिकल आहे, इंजिनिअरिंगची कितीतरी कॉलेजं आहेत, वर पलीकडं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ १९६२ पासूनचं, आमच्या भागातली पोरं दोन्हीकडं जातात. ह्या सगळ्या पट्ट्यात वर्षाला किती पोस्टरं लागत असतील विचार करा. असं असताना लायब्ररीत एक छत्तीस इंची रोलचा प्लॉटर ठेवणं काही अवघड नाही, ए-झिरो त्या रोलवर आरामात बसतं. पोरांनी चार दिवस आधी पीडीएफ मेल करायची, कागदाशाईचे पैसे भरायचे, फुकट कुणी मागत नाही, आणि सकाळी येऊन बघायचं तर पोस्टर बोर्डवर लागलेलं. सगळ्यांचा साइझ एक, कागद एक, बस चुकायची भीती नाही, पावसात गुंडाळी भिजायची भीती नाही. प्लॉटर घेणं जमत नसेल तर शहरातल्या एका चांगल्या छापणाऱ्याशी विद्यापीठानं दर ठरवून घ्यावा आणि सगळी पोस्टरं एकत्र छापून आणावीत. तेही नको असेल तर निदान सर्क्युलरमध्ये साइझ मिलिमीटरमध्ये लिहा, उभं की आडवं ते लिहा, बोर्डला पिना लागणार की टेप ते लिहा.

कोण म्हणेल आता टीव्हीच्या स्क्रीनवर दाखवा, कागद कशाला. काही ठिकाणी तसं करतातही. पण स्क्रीनवर एकेकाचं पोस्टर पाच मिनिटं येतं आणि जातं, कागदाच्या समोर माणूस थांबतो. माझ्या पोस्टरसमोर सगळ्यात जास्त वेळ थांबल्या त्या जेवणाच्या ठिकाणी भांडी उचलणाऱ्या एक मावशी, चंदगडच्या. इरल्याच्या फोटोवर हात ठेवून म्हणाल्या माझी आई असलंच घालायची, आणि मग ते विणायचं कसं, पानं कधी तोडायची ते सगळं मला सांगत बसल्या. मला त्यातनं दोन नवीन शब्द मिळाले, ते आता प्रबंधात जाणार.

ह्यात भाषेचं भांडण कुणी आणू नये ही विनंती. कन्नडमध्ये पोस्टर करणाऱ्या माझ्या मैत्रिणीची पण हीच कथा, तिच्या अक्षरांचे खालचे ओत्तु (कन्नड जोडाक्षरात अक्षराच्या खाली बसणारा भाग) त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सुटून बाजूला पडले होते. दुकानदारांचा पण दोष म्हणत नाही मी, त्यांचं पोट वाढदिवसाच्या आणि मंडळाच्या बॅनरवर आहे, माझं एक पोस्टर वर्षातनं एकदा.

आपल्या दैनिकाच्या वाचकांमध्ये बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले प्राध्यापक पण आहेत आणि छपाईवाले पण आहेत. पीडीएफवरून कागदावर नीट मराठी छापून देणारे जे कोण असतील त्यांनी दुकानाबाहेर तसा एक बोर्ड लावावा, पोरं शोधत येतील. आणि प्राध्यापकांना हात जोडून सांगणं, पुढच्या कार्यक्रमाचं सर्क्युलर काढायच्या आधी स्वतः एक पोस्टर छापून तुमच्याच बोर्डवर लावून बघा.

पुढच्या महिन्यात अजून एका ठिकाणी पोस्टर आहे, सर्क्युलर कालच आलंय, त्यात परत ‘स्टँडर्ड साइझ’ एवढंच लिहिलंय. मी आज सकाळी फोन करून मिलिमीटरमध्ये किती ते विचारलं, विचारून सांगतो म्हणालेत.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी,
ता. खानापूर, जि. बेळगाव